एनआयसीयूतलं मशीन बघून मुलीला हीच लाईन घ्यायचीय, नीट द्यायची की इंजिनिअरिंग?

नमस्कार ताई,

पत्र वाचलं. मुलगी बारावीला, पीसीएमबी, फिजिक्स आणि कोडिंग आवडतं पण बायोलॉजीचं पाठांतर नकोसं वाटतं. धाकट्याला जन्मल्यावर रडायला उशीर झाला, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) थंड गादीवर ठेवलं, डोक्याला वायरी लावल्या, डॉक्टर स्क्रीनवरचा पट्टा बघून बोलायचे, आणि तेव्हापासून ती म्हणते मला "बाळाचं पुढचं सांगणारं मशीन" बनवायचंय. तुम्हाला विचारायचंय नीट की सीईटी.

आधी मशीनचं सांगतो कारण करिअरचं उत्तर त्यातच आहे. त्याला एईईजी म्हणतात, ईईजीचंच (मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या नोंदीचं) दाबून छोटं केलेलं रूप, तासाभराचं रेकॉर्डिंग साधारण सहा सेंटिमीटरच्या पट्टीत बसतं म्हणून नर्सलाही लांबून बदल दिसतो. मूळ मशीन १९६० च्या दशकात लंडनमध्ये मोठ्या पेशंटसाठी बनलं, डग्लस मेनार्ड हा इंजिनिअर आणि पामेला प्रायर या डॉक्टर, दोघांनी मिळून. नंतर स्वीडनमधल्या लुंडच्या डॉक्टरांनी ते नवजात बाळांसाठी वापरात आणलं. म्हणजे सुरुवातीपासूनच हे एकट्या डॉक्टरचं किंवा एकट्या इंजिनिअरचं काम नव्हतं, तिला हे नक्की सांगा.

आता "पुढचं सांगणारं" याबद्दल. जन्मताना ऑक्सिजन कमी पडलेल्या बाळाला मेंदू वाचावा म्हणून ६ तासांच्या आत थंड करायला घेतात, ७२ तास ३३-३४ डिग्री सेल्सिअसवर ठेवतात, आणि या काळात पट्टा ४८ तासांच्या आत सुधारला, झोप-जागेचं चक्र दिसायला लागलं तर चांगली खूण, त्यानंतरही सपाट किंवा तुटक राहिला तर डॉक्टर काळजीत पडतात. झटके (फिट) तर कित्येकदा अंगावर दिसतच नाहीत, फक्त ईईजीत सापडतात. पण हे सगळं शक्यतेच्या भाषेत. सोबत एमआरआय, तपासणी लागते आणि अंदाज खरा ठरला की नाही हे मूल दीड-दोन वर्षांचं झाल्यावर त्याचं चालणं, बोलणं, समज तपासूनच कळतं. आपल्याकडे त्यासाठी डीएएसआयआय नावाची टेस्ट वापरतात, बडोद्याला प्रमिला फाटक यांनी भारतीय मुलांसाठी तयार केलेली.

आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की बाहेरच्या देशातलं गणित इथे जसंच्या तसं लागू होईलच असं नाही. २०२१ मध्ये याच थंड करण्याच्या उपचारावरच्या हेलिक्स ट्रायलचा निकाल आला, भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या हॉस्पिटलांतली बाळं होती त्यात, आणि तिथे थंड करण्याने मृत्यू किंवा अपंगत्व कमी झालं नाही, उलट मृत्यू जास्त दिसले, जेव्हा श्रीमंत देशांत त्याच उपचाराचा फायदा झालेला. (तुमच्या बाळाचं काय हे यावरून ठरत नाही, ते तुमचे डॉक्टरच सांगतील.) म्हणून आपल्या बाळांचे पट्टे आणि त्याच मुलांचा दोन-चार वर्षांनंतरचा रेकॉर्ड, हे दोन्ही जोडून अभ्यास करणारी माणसं इथेच तयार व्हायला हवीत, तुमची मुलगी त्यातली एक होऊ शकते.

माझं मत स्पष्ट सांगतो, तिला नीटच्या मागे लावू नका. डॉक्टर होऊन हे करायचं तर एमबीबीएस, मग पेडियाट्रिक्समध्ये एमडी, मग निओनेटॉलॉजीत (नवजात बाळांच्या उपचारात) डीएम, एवढा लांब रस्ता बायोलॉजी न आवडणाऱ्या पोरीने का चालावा. इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशन घेऊ दे, आणि सिग्नल प्रोसेसिंग, म्हणजे अशा लहरींतून गणिताने माहिती काढणं, मनापासून शिकू दे. बीईलाच बायोमेडिकल घ्यायचा हट्ट नको, बेस पक्का झाला की गेट देऊन आयआयटी मुंबईत बायोमेडिकलचं एमटेक करता येतं. फक्त बायोलॉजी आत्ता सोडू नका, पुढे डॉक्टरांशी बोलताना लागणारच. आणि मूल मोठं होताना बघायचं, त्याच्याबरोबर बसायचं अशी तिची ओढ असेल तर मात्र ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं, हालचाली जमाव्यात म्हणून दिली जाणारी थेरपी) बघा, मुंबईत केईएम, सायन, नायरला आहे, त्याला नीटचा स्कोअर लागतो. हा प्रश्न तिला शांतपणे विचारा, तुम्ही उत्तर देऊ नका.

आत्ताच करता येईल असं एक काम आहे. फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या संशोधकांनी ७९ नवजात बाळांचे ईईजी २०१९ मध्ये सगळ्यांसाठी फ्री ठेवलेत, तीन तज्ज्ञांनी झटके कुठे आहेत ते मार्क केलेले. बोर्डाची परीक्षा झाली की पायथॉनमध्ये ते उघडून बघू दे. तीन तज्ज्ञांचंही सगळीकडे एकमत नाही हे तिला स्वतःला दिसेल, आणि ते बघून अजून खोलात जावंसं वाटलं तर लाईन बरोबर आहे समजा.

धाकट्याचा फॉलोअप मात्र चुकवू नका ताई, तो आता नीट खेळतोय असं तुम्ही लिहिलंय तरीही. हॉस्पिटल लांब पडत असेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र असतं, तिथे तपासणी आणि थेरपी दोन्ही मोफत होतात. जाताना एनआयसीयूची डिस्चार्ज समरी घेऊन जा.