आधी तोल, मग मोटर : विमानांच्या प्रतिकृतींविषयी वाचकांचे प्रश्न

सोयाबीन निघून वावरे मोकळी झाली की विमानांच्या प्रतिकृती करणाऱ्यांची पत्रे वाढतात. या वेळच्या पत्रांतील पाच प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. त्यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण तीच अडचण निरनिराळ्या शब्दांत अनेकांनी कळवली आहे.

प्रश्न : मी आर्वी तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. सातवीच्या मुलांकडून विमान करवून घ्यायचे आहे, पण रिमोटचे विमान शाळेला परवडणारे नाही. प्रत्येक मुलाला स्वतःच्या हाताने करता येईल असे काही सुचवाल का?

रिमोटचे विमान परवडत असते, तरी मी तुम्हाला आधी हाताने फेकायचे ग्लायडरच करायला सांगितले असते. मोटरच्या जोरावर वाकडेतिकडे विमानही काही क्षण वर जाते आणि त्याचा दोष लपून राहतो. ग्लायडरचा दोष मात्र पहिल्या फेकीतच दिसतो आणि मुलाला तो स्वतःच दुरुस्त करता येतो.

पाच मिलिमीटर जाडीचे थर्माकोल किंवा तत्सम हलका फोम घ्यावा. पंख ६० सेंटिमीटर लांब व १० सेंटिमीटर रुंद, आडवी शेपटी २२ बाय ६ आणि उभी शेपटी साधारण ७ बाय ६ सेंटिमीटरची कापावी. धडासाठी बुरडाकडून बांबूची ४५ सेंटिमीटर लांबीची सरळ, हलकी कामटी आणावी. कामटीच्या पुढच्या टोकापासून १० सेंटिमीटरवर पंखाची पुढची कड यावी आणि शेपटी अगदी मागच्या टोकाला बसावी. पंख मधोमध कापून दोन्ही टोके चार-पाच सेंटिमीटर वर उचललेली राहतील असा जोडावा, कारण विमान एका बाजूला कलले तर त्याला परत सरळ करणारी गोष्ट हीच आहे. जोडणीला फेव्हिकॉल वापरून रात्रभर वाळू द्यावे. फेव्हिक्विकने थर्माकोल विरघळते, हे मुलांना आधी एका तुकड्यावर करून दाखवावे, म्हणजे कोणाचा पंख वाया जाणार नाही.

मग नाकावर चिकटपट्टीने लहान खिळे लावत जावे आणि पंखाच्या पुढच्या कडेपासून तीन सेंटिमीटर मागे, दोन्ही बाजूंना बोटांची टोके टेकवून विमान आडवे तोलून राहते का ते पाहावे. फेकताना वाऱ्याकडे तोंड करून, नाक किंचित खाली ठेवून, दूरच्या एखाद्या झाडाच्या बुंध्याचा नेम धरल्यासारखे हलकेच सोडावे. नाक वर करून थबकले आणि पडले तर नाकावर आणखी एक खिळा लावावा. सरळ जमिनीत घुसले तर एक काढावा. खांद्याच्या उंचीवरून सोडलेले असे विमान सात-आठ मीटर संथपणे गेले, तर ते चांगले जमले असे समजावे.

मुलांना एक गोष्ट अवश्य सांगा. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या तुइलरी बागेत आल्फोन्स पेनो या तरुणाने रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान ११ सेकंद उडवून दाखवले, आणि ते स्थिर राहिले ते मागे बसवलेल्या शेपटीमुळे. त्याच पेनोच्या कल्पनेवरचे, रबरावर उडणारे एक खेळणे १८७८ मध्ये राइट बंधूंच्या वडिलांनी आपल्या मुलांसाठी घरी आणले होते.

प्रश्न : मी परतवाड्याजवळ राहतो, शिक्षण आयटीआयचे आहे. निवडणुकीच्या जुन्या फलकांच्या सनपॅक शीटचे, म्हणजे पोकळ प्लास्टिकच्या पत्र्याचे, विमान केले. पंख १ मीटर लांब व १८ सेंटिमीटर रुंद, वजन १,१०० ग्रॅम, २२१२ मापाची मोटर आणि ११.१ व्होल्टची बॅटरी आहे. पंखाखाली मधोमध बोटे लावली की विमान बरोबर तोलून राहते. तरीही हातातून सोडले की नाक वर करते, डावीकडे वळते आणि आपटते. तीनदा असेच झाले. मोटर बदलू का?

मोटर बदलू नका. तुमची मोटर चांगली आहे आणि अधिक ताकदीची बसवलीत तर विमान तितक्याच जोराने आपटेल. तुम्ही मोजमापे नीट कळवलीत, त्यामुळे दोष शोधणे सोपे झाले.

पहिला आणि मुख्य दोष तोलाचा आहे. "मधोमध तोलते" हेच तुमच्या विमानाचे दुखणे आहे. तराजूची दांडी मध्यावर तोलतो म्हणून पंखही मध्यावर तोलावा असे मनाला वाटते आणि हा समज फार खोल बसलेला असतो. माझी स्वतःची पहिली दोन विमाने याच समजापायी गेली. परंतु पंखाची उचल त्याच्या रुंदीच्या मध्यावर लागत नाही, ती पुढच्या सुमारे पाव भागापाशी लागते. गुरुत्वमध्य त्याच्या बराच मागे गेला की वाऱ्याच्या एखाद्या झुळकीने नाक जरा वर झाल्याबरोबर ते खाली येण्याऐवजी आणखी वर जात राहते आणि शेपटीची ताकद त्याला आवरायला पुरत नाही. तुमच्या १८ सेंटिमीटर रुंदीच्या पंखावर पुढच्या कडेपासून ४.५ ते ५ सेंटिमीटरवर दोन्ही बाजूंना पेनने खुणा करा आणि बॅटरी पुढे सरकवत विमान त्या खुणांवर तोला. बॅटरी अगदी नाकापर्यंत नेऊनही जमले नाही, तर शेपटीचे वजन कमी करा. नाकात शिसे भरणे हा शेवटचा उपाय आहे.

दुसरा दोष वजनाचा आहे. तुमच्या पंखाचे क्षेत्रफळ १८ चौरस डेसिमीटर आहे, म्हणजे प्रत्येक चौरस डेसिमीटरवर ६१ ग्रॅमचा भार येतो. शिकाऊ विमानावर हा भार ३० ते ४० च्या आसपास असावा. याचा परिणाम वेगावर होतो : साध्या पंखाच्या हिशोबाने १,१०० ग्रॅमचे तुमचे विमान ताशी सुमारे ३८ किलोमीटरच्या खाली गेले की पंखाची उचल तुटते, यालाच स्टॉल म्हणतात. हाताने फेकून तेवढा वेग मिळणे कठीण आहे. तेच विमान ७०० ग्रॅमचे असेल तर हा आकडा ३० वर येतो आणि एका चांगल्या फेकीनंतर मोटरला उरलेले काम पेलते. सनपॅक टिकाऊ आणि फुकटात मिळणारे असले तरी फोमच्या मानाने फार जड आहे. धडाचा आपटणारा भाग सनपॅकचा राहू द्या. पंख आणि शेपटी फोमची करा आणि पंखात आडवी एक कामटी घाला. कापण्याआधी दोन्ही शीटचे एकेक चौरस फुटाचे तुकडे किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर ठेवून पाहा, म्हणजे फरक तुमच्या डोळ्यांसमोर येईल.

आता डावीकडे वळण्याविषयी. मागून पाहताना प्रोपेलर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल, तर त्याची प्रतिक्रिया विमानाला डावीकडे कलवते. कमी वेगात पूर्ण थ्रॉटल, म्हणजे मोटरला पूर्ण जोर, दिलेला असताना ती सर्वाधिक जाणवते. मोटरचा आस दोन-तीन अंश उजवीकडे आणि तितकाच खाली झुकवा. मोटरच्या स्क्रूखाली वायसर घालून हे काम पाच मिनिटांत होते. एवढे केल्यावर पहिली फेक मोटर बंद ठेवून, उंच गवतावर करा.

प्रश्न : ब्रह्मपुरी. मे महिन्यात माझी लिथियम पॉलिमर बॅटरी फुगली आणि ग्लू गनने चिकटवलेली मोटरची पाटी निघून आली. माल निकृष्ट होता का?

दोष मालाचा असेलच असे नाही, ऊन पुरेसे आहे. पारा ४५ अंशांवर असताना बंद गाडीच्या डिकीत किंवा गाडीवर बांधलेल्या काळ्या पिशवीत त्याहून कितीतरी अधिक तापते आणि ग्लू गनचा गोंद मऊ पडतो. काही वर्षांपूर्वी वर्ध्याहून परतताना मी विमान दोन तास डिकीत ठेवले होते आणि संध्याकाळी उडवले, तेव्हा पहिल्याच वळणावर पंख धडापासून सुटला. तेव्हापासून मोटर आणि पंख यांच्या जोडावर मी एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा कडक गोंद) वापरतो आणि वर रबर बँड किंवा स्क्रूचा आधार देतो. मे महिन्यातली हवा हिवाळ्याच्या पहाटेच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्के विरळ असते, म्हणून उन्हाळ्यात तेच विमान थोडे सुस्त वाटते आणि उतरताना अधिक वेग मागते, हेही ध्यानात असू द्या.

फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. चांगल्या बॅटरीचा प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा असतो. उडवताना तो ३.५ च्या खाली जाऊ देऊ नये आणि आठवडाभर ठेवायची असल्यास ३.८ वर ठेवावी. बॅटरी भरलेलीच ठेवून कपाटात टाकून देणे हे ती फुगण्याचे फार नेहमीचे कारण आहे. २,२०० मिलिअँपिअरची बॅटरी २.२ अँपिअरने, आपण समोर बसून, फरशीवर किंवा मातीच्या भांड्यात ठेवून चार्ज करावी. आपल्याकडे भाव वाढण्याची वाट पाहत कापूस घरातच भरून ठेवलेला असतो. त्या खोलीत, किंवा तिच्या शेजारच्या खोलीतही, ही बॅटरी कधीही चार्ज करू नका. पेटलेली लिथियम बॅटरी विझवणे कठीण असते आणि कापसाला एक ठिणगी पुरते. या एका बाबतीत मी कोणालाही सवलत देणार नाही.

प्रश्न : यवतमाळ जिल्हा. स्वतःच्या शेतात विमान उडवायला परवानगी लागते का?

ड्रोन नियम, २०२१ यांत प्रतिकृती विमानांची वेगळी व्याख्या आहे : २५ किलोपर्यंत वजनाचे, शिक्षण, संशोधन, रचना, चाचणी किंवा करमणूक एवढ्यासाठीच वापरलेले आणि डोळ्यांच्या टप्प्यात उडवलेले. अशा विमानाला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या नमुन्याला सरकारी मान्यता असल्याचा दाखला, लागत नाही, तसेच दोन किलोपर्यंतचे विमान बिगर-व्यावसायिक कारणासाठी उडवायला वैमानिक परवानाही लागत नाही. मात्र आकाश सर्वत्र सारखे मोकळे नाही. हिरव्या क्षेत्रात, म्हणजे सरकारी नकाशावर मोकळ्या दाखवलेल्या भागात, ४०० फुटांपर्यंत मुभा आहे, तर विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरच्या आत निर्बंध कडक होत जातात. म्हणून डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरील नकाशात आपले गाव शोधून नोंदणीचे व इतर चालू नियम वाचावेत. अभयारण्याच्या आसपास विमान काढूच नये. कृषिपंपांच्या विजेच्या तारा जेथून जातात ते वावर टाळावे, आणि विमान तारेत अडकले तर काठीने काढायला न जाता वीज कर्मचाऱ्यांना कळवावे.

प्रश्न : मेहकर तालुका. सकाळी दहानंतर विमान उडवले की घारी त्याच्या मागे लागतात. त्यांना कसे हुसकावून लावावे?

हुसकावू नका, कारण त्या तुम्हाला एक मोलाची गोष्ट दाखवत आहेत. नांगरलेली काळी जमीन उन्हाने लवकर तापते, शेजारचा हिरवा तुरीचा पट्टा किंवा संत्र्याचा बगीचा त्या मानाने थंड राहतो आणि तापलेल्या वावरावरून हवेचा झोत वर उठू लागतो. घार पंख न हलवता गोल फिरत वर जाते ती त्याच झोतावर. बाभळीच्या शेंड्याएवढ्या उंचीवर मोटर बंद करून आपले हलके विमान घारीच्याच दिशेने, तिच्यापासून बऱ्याच खाली, मोठ्या वर्तुळात फिरवून पाहा. नाक न उचलता ते आपोआप वर चढू लागले की झोत सापडला असे समजा. विमान उडवण्यातला याहून मोठा आनंद मला आजवर मिळालेला नाही.

परंतु घार खाली झेपावू लागली, तर ती आपले क्षेत्र राखते आहे. हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून उन्हाळ्यापर्यंत घारींची घरटी असतात, तेव्हा उंच झाडावर घरटे दिसले तर त्या बाजूला उडवूच नये. ती जवळ आली की थ्रॉटल पूर्ण बंद करून प्रोपेलर थांबवा, कारण फिरते पाते पक्ष्याचा पंख कापू शकते. मग विमान धुऱ्यापासून, म्हणजे शेताच्या बांधापासून, दूर, सरळ खाली उतरवा. उन्हाळ्यात अकरानंतर वावटळी सुटतात आणि हलके विमान त्यांत सापडले की हाती तुकडेच लागतात. त्या दिवसांत सूर्योदयापासून नऊपर्यंतची वेळ धरावी. तेव्हा घारी अजून झाडांवरच बसलेल्या असतात.