स्वीडन कचऱ्यापासून वीज करतो, मग आपल्या शहरांना ते का जमत नाही?

स्वीडन कचरा विकत घेत नाही. बाहेरचा कचरा घेण्याचे त्यांना पैसे मिळतात. जाळल्यावर विजेपेक्षा उष्णता जास्त निघते, ती घरं तापवायला जाते. आपल्याकडे त्या उष्णतेला गिऱ्हाईक नाही आणि कचरा निम्मा ओला. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये डेन्मार्कचं तंत्र आणून रोज ३०० टन जाळायचा, ३.७५ मेगावॅटचा प्रकल्प उभारला होता. एकवीस दिवसांत बंद पडला, कारण कचऱ्यात जळण्यासारखं फारसं नव्हतंच.

ओल्याची जागा बायोगॅसच्या टाकीत. तिथे जिवाणू तो कुजवून मिथेन, म्हणजे जळणारा वायू, करतात. मी चार वर्षं रोज पाच टन घेणाऱ्या अशा प्रकल्पावर ऑपरेटर होतो, म्हणून हे ठासून सांगतो.

एका लग्नसराईत वरून फोन आला: मंगल कार्यालयांच्या तीन गाड्या जास्तीच्या आहेत, रिकाम्या करून घ्या. मी नको म्हणालो, तरी घ्याव्या लागल्या. नुसता भात, गुलाबजामचा पाक, तेलाचा तवंग. चौथ्या दिवशी टाकी आंबली. आम्ल करणारे जिवाणू भराभर वाढतात, मिथेन करणारे सावकाश, आणि आम्ल वाढलं की ते कामच थांबवतात. पीएच, म्हणजे आम्ल वाढलं की खाली येणारा आकडा, सातच्या आसपास लागतो, तो ५.८ वर आला. बर्नर पेटवला की ज्योत वर उचलली जायची आणि विझायची. स्लरीला, म्हणजे टाकीतल्या पातळ रबड्याला, शेणासारखा वास असतो, तिला आंबट दर्प येऊ लागला. कचरा घालणं थांबवलं, चुना टाकला, गोठ्यातून शेण आणून कालवलं. गॅसवर वीज करणारं इंजिन एकोणीस दिवस बंद.

बैठकीत साहेब म्हणाले, "ऑपरेटरचं लक्ष नसतं." लॉगबुक माझ्या मांडीवर होतं. रोजचा पीएच, लाल शाईने गोल केलेला. कुणी उघडलं नाही.

आणि निवडायला बसणाऱ्या आमच्या मावश्या. 'ओला' म्हणून आलेल्या ढिगातून दुधाच्या पिशव्या, नारळाच्या शेंड्या, वापरलेले पॅड हाताने बाजूला काढायच्या. एकीच्या अंगठ्यात हातमोज्यातून इंजेक्शनची सुई घुसली. त्या दिवशी मी सोसायट्यांना दारोदार जाऊन सांगितलं. "आम्ही टॅक्स भरतो," हे उत्तर मिळालं.

वीज किती? चांगल्या निवडलेल्या टनाला साठ-ऐंशी घनमीटर गॅस, घनमीटरला साधारण दीड युनिट. म्हणजे पाच टनांवर रस्त्यावरचे दिवे लागतील, शहर नाही. रिसायकल न होणारा कोरडा कचरा जाळायला माझा विरोध नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही किलोला १५०० किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त उष्णता देणारा असा कचरा पुरू नका, ऊर्जेला वापरा असं सांगितलं. पण धूर नीट गाळत असाल तरच.

तुमच्या शहरात असा प्रकल्प बंद पडला असेल तर माहिती अधिकारात लॉगबुक मागवा. त्या आठवड्यात किती टन आत गेला, कुठून आला, पीएच किती होता ते बघा. 'ऑपरेटर निष्काळजी' हा शेरा त्यानंतर वाचा.