जुन्या बोट-इंजिनाला कोणते ऑइल घालावे?

प्रश्न : उजनीच्या फुगवट्यावर आमची मासेमारीची फायबरची होडी आहे. तिच्यासाठी गेल्या वर्षी ८ अश्वशक्तीचे जुने टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून बसवायचे) इंजिन घेतले. ते १९८०च्या दशकातले असावे. माहितीपुस्तिका मिळाली नाही, मात्र टाकीच्या झाकणावर ५०:१ असा पुसट आकडा आहे. सोलापुरातले एक दुकानदार मोटारसायकलचे टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनासाठीचे) ऑइल चालेल म्हणतात, आमचे मिस्त्री साधे इंजिन ऑइल घाला म्हणतात आणि शेजारचे होडीवाले सांगतात की इंजिन जुने आहे, ऑइल सढळ हातानेच घालावे. सध्या आम्ही ५ लिटर पेट्रोलला एक फुलपात्र टू-टी ओततो. आठ-दहा दिवसांत प्लग काळा आणि ओला होतो. काय करावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : मिस्त्रींचा सल्ला सर्वांत आधी बाजूला ठेवावा. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइलचा वेगळा साठा नसतो. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल क्रँककेसमधून जाताना बेअरिंग आणि पिस्टनला वंगण देते आणि शेवटी पेट्रोलबरोबर जळून जाते. फोर-स्ट्रोकचे इंजिन ऑइल जळण्यासाठी बनवलेले नसल्यामुळे ते मागे काजळी आणि राख ठेवते व रिंगा चिकटवते.

दुकानदारांचे म्हणणे तितके चुकीचे नाही, पण अपुरे आहे. मोटारसायकलचे इंजिन हवेने थंड होते आणि बरेच तापते, म्हणून त्याच्या ऑइलमध्ये पिस्टन स्वच्छ ठेवण्यासाठी कॅल्शियमसारख्या धातूंची संयुगे घालतात, ज्यांची जळल्यावर थोडी राख उरते. आउटबोर्ड इंजिन धरणाच्या थंड पाण्याने थंड होते आणि होडी ओढताना तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालते. अशा वेळी ती राख पिस्टनच्या माथ्यावर आणि प्लगच्या फटीत साचून निखाऱ्यासारखी लाल होते, ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटते आणि पिस्टनला भोक पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. याच कारणासाठी आउटबोर्डच्या ऑइलमध्ये राख न सोडणारी संयुगे वापरतात, शिवाय पाण्याजवळ राहणाऱ्या इंजिनाला गंज चढू नये याचीही सोय असते. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ अशी खूण पाहावी. अमेरिकेतील नौका-उत्पादकांच्या एनएमएमए या संघटनेचे हे मानक असून त्यातील ‘टीसी’ म्हणजे टू-सायकल आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे वॉटर-कूल्ड. ही खूण असेल तर कंपनी कोणती, याला माझ्या मते फारसे महत्त्व नाही. पेट्रोलपंपावर हे ऑइल सहसा मिळत नाही, आउटबोर्ड विकणाऱ्या डीलरकडून मागवावे लागते. इंजिन जुने म्हणून जुन्या पद्धतीचे ऑइल शोधण्याचे कारण नाही, कारण इंजिनाच्या वयाने बदलते ते ऑइलचे प्रमाण.

आता फुलपात्राकडे येऊ. ५०:१ म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर, म्हणजेच ५ लिटरला १०० मिलिलिटर ऑइल. घरातल्या फुलपात्रात साधारण २०० मिलिलिटर मावते, म्हणजे आपण २५:१च्या आसपास मिश्रण देत आहात आणि प्लग ओला होण्यामागे बहुधा तेच आहे. जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षितता, असा समज होडीवाल्यांत फार पक्का आहे. प्रत्यक्षात कार्बोरेटरच्या जेटमधून जाणाऱ्या इंधनात ऑइलचा वाटा वाढला की पेट्रोलचा वाटा तेवढा घटतो, त्यामुळे धूर आणि काजळी वाढते, इतकेच नव्हे तर जळणाऱ्या मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोलही किंचित कमी पडते. २४:१ किंवा २५:१ हे प्रमाण मुख्यतः १९६०च्या दशकाच्या मध्यापूर्वीच्या इंजिनांचे, किंवा नवीन पिस्टन-रिंगा बसवल्यानंतरच्या पहिल्या काही तासांचे. आपल्या इंजिनाला झाकणावरचे ५०:१ पुरेसे आहे. त्याच काळातल्या काही इंजिनांवर १००:१ असेही छापलेले असे. तसे कुणाचे असेल त्यांनीही ५०:१च वापरावे.

मिसळताना औषधाच्या बाटलीबरोबर येणारे खुणांचे माप किंवा मोठी सिरिंज घ्यावी. कॅनमध्ये आधी निम्मे पेट्रोल घालावे, त्यात मोजलेले ऑइल ओतून झाकण घट्ट करून हलवावे, मग उरलेले पेट्रोल घालून पुन्हा हलवावे. नवा प्लग लावून आठवडाभराने पाहावा. टोक चहाच्या रंगाचे तपकिरी दिसले तर जमले. तरीही काळे आणि ओलेच राहिले तर दोष ऑइलचा नसून कार्बोरेटरचा किंवा ठिणगीचा आहे.

प्रश्न : पावसाळ्यात होडी बंद असते. तयार मिश्रण तसेच ठेवले तर चालेल का? आणि उरलेले टीसी-डब्ल्यू३ घरच्या जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलला घालावे का?

उत्तर : मिश्रण महिनाभरात संपेल इतकेच करावे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते दमट हवेतली वाफ ओढून घेते. पाणी फार झाले की ते इथेनॉलसह तळाशी उतरते आणि पहिल्या झटक्याला नेमके तेच कार्बोरेटरमध्ये जाते. म्हणून होडी बांधण्याआधी इंधनाची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे आणि ती जुनी रबरी नळी बोटांनी दाबून पाहावी. चिकट किंवा फुगलेली लागली तर लगेच बदलावी. सीलबंद डब्यातले ऑइल मात्र पुढच्या हंगामापर्यंत आरामात टिकते.

मोटारसायकलला ते घालू नये. मे महिन्यातल्या सोलापूरच्या उन्हात हवेने थंड होणारे इंजिन जितके तापते, तितक्या उष्णतेत पिस्टन स्वच्छ ठेवण्याची ताकद या ऑइलमध्ये नसते. तिच्यासाठी जासो (जपानी मानक) एफसी किंवा एफडी असे लिहिलेले टू-टीच आणावे, आणि दोन्ही डबे एकाच फळीवर ठेवत असाल तर होडीच्या डब्यावर रंगाने मोठी खूण करावी.