गरम झालं की पाती थांबतात

प्रश्न: नमस्कार दादा, आम्ही मिशिगनला असतो, घराभोवती दीड एकर गवत आहे म्हणून 20 वर्षं जुना गार्डन ट्रॅक्टर सेकंडहँड घेतला. पीटीओचं (इंजिनची ताकद पात्यांना जोडणारं) बटण ओढलं की पाती मस्त फिरतात, पण अर्ध्या तासाने आपोआप थांबतात, इंजिन मात्र चालूच. तासभर गार होऊ दिलं की परत चालू. दुकानवाला म्हणतो इलेक्ट्रिक क्लच गेलाय, नवीनच टाका. खरंच गेला असेल का?

उत्तर: अहो, आधी मोजा, मग पैसे खर्च करा! गार असताना नीट चालतो आणि गरम झाला की सोडतो, म्हणजे बऱ्याचदा क्लच मेलेला नसतो, त्याच्या आतल्या दोन चकत्यांमधली फट वाढलेली असते. या क्लचमध्ये तांब्याची कॉइल असते, करंट आला की तिच्या चुंबकाने आर्मेचर (एक चकती) ओढलं जाऊन रोटरला (इंजिनबरोबर फिरणाऱ्या दुसऱ्या चकतीला) चिकटतं आणि बेल्ट फिरतो. आता 20 अंशांना 3 ओहम असलेली कॉइल 80 अंशांपर्यंत तापली की साधारण 3.7 ओहम होते, म्हणजे 12 व्होल्टवर 4 अँपियर जायचा तिथे सव्वातीनच जातो, ओढ कमी पडते, आणि इतक्या वर्षांत घासून घासून फट वाढलेली असली की आर्मेचर पोचतच नाही.

इंजिन बंद करा, किल्ली काढा, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला बांधा, हे आधी, कारण हात पात्यांच्या बेल्टजवळ जाणार आहे. क्लचच्या कडेला 3 खाचा दिसतील आणि जवळ 3 नट. खाचेत फीलर गेज (फट मोजायची पातळ धातूची पट्टी) घाला, बऱ्याच क्लचला 12 ते 15 थाऊ (इंचाचा हजारावा भाग) फट लागते (तुमच्या मॅन्युअलमधला आकडा असेल तर तोच धरा). गेज आत ठेवून नट हळूहळू आवळा, गेज जरा अडकत सरकलं की बास. तिन्हीकडे केलं की पहिली परत तपासा, ती हमखास बदललेली असते. काही क्लचना हे नट नसतातच, तिथे हा उपाय नाही.

फट बरोबर असूनही सोडत असेल तर क्लच गरम असतानाच त्याच्या वायरीचा प्लग काढून कॉइलचे ओहम मल्टिमीटरने बघा. आकडाच येत नसेल तर आतली तार तुटलीय, मग दुकानवाल्याचं खरं. आकडा ठीक असेल तर क्लचचा प्लग परत जोडून, किल्ली ऑनला ठेवून, कुणाला तरी सीटवर बसवून (सीटचा स्विच असतो ना!), पीटीओ ओढून क्लचपाशी व्होल्टेज घ्या. बॅटरीपेक्षा बरंच कमी आलं तर दोष बटणात, कनेक्टरमध्ये नाहीतर अर्थिंगमध्ये, क्लच बिचारा चांगला आहे.

आणि क्लच फिरू नये म्हणून जी पट्टी अडकवलेली असते ती जागेवर आहे ना तेही बघून घ्या, ती सुटली तर क्लचचं अख्खं घर गरगर फिरतं आणि वायरी मुळापासून तुटतात.