आधी बुटका म्हणाले, मग म्हातारा म्हणाले: दिनो झोफबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: माझा मुलगा 13 वर्षांचा आहे, चार वर्षं गोलकीपिंग करतोय. मागच्या महिन्यात ट्रायल झाली आणि तिथल्या सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की तुझी उंची कीपरची नाही, दुसरं काहीतरी बघ. तेव्हापासून ग्लोव्हज कपाटात पडलेत, मैदानाचं नाव काढत नाही. त्याला काय सांगू? (एक आई, कोल्हापूर)

उत्तर: ताई, त्याला इटलीचा गोलकीपर दिनो झोफची गोष्ट सांगा, आणि नीट पूर्ण सांगा, कारण अर्धी सांगितली तर तिचा उलटा अर्थ निघतो. झोफ जन्मला 1942 ला, इटलीच्या ईशान्य टोकाला फ्रिउलीत मारिआनो नावाचं छोटं गाव आहे तिथे, शेतकऱ्याच्या घरात. 14 व्या वर्षी इंटर आणि युव्हेंटस या इटलीच्या दोन मोठ्या क्लबांकडे ट्रायल दिली आणि दोघांनीही परत पाठवला, कारण एकच, उंची नाही. घरी आल्यावर आजी म्हणाली रोज आठ अंडी खा, आणि पोरगं खात राहिलं, मोटार मेकॅनिकचं काम शिकत राहिलं, खेळत राहिलं. पुढच्या पाच वर्षांत तो 33 सेंटीमीटर वाढला आणि 1961 मध्ये उदिनेसे क्लबकडून सेरी आ म्हणजे तिथल्या सर्वात वरच्या लीगमध्ये उतरला.

आता इथे थांबा, कारण लगेच अंड्यांचा ट्रे आणाल. अंडी चांगलीच, खाऊ द्या, पण उंची अंड्यांनी वाढली असं मी छातीठोक सांगणार नाही, काही मुलांची वाढ मुळातच उशिरा सुरू होते. मला यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते, ती म्हणजे 13-14 व्या वर्षी कुणी उंची मोजून निकाल लावला तर तो त्या दिवसाचा निकाल असतो, पोराचा नाही. आणि इतकं वाढूनही झोफ 1.82 मीटरच होता हो, आजचा इटलीचा कीपर दोन्नारुम्मा 1.96 आहे! उरलेलं झोफने योग्य जागी उभं राहून भरून काढलं. त्याचे जुने सामने बघा, उगाच हवेत उडी नाही, फोटोसाठी डाइव्ह नाही, बॉल येईल तिथे हा दोन पावलं आधीच पोचलेला. पुढे येऊन स्ट्रायकरचा कोन छोटा करणं, पाय हलते ठेवणं, क्रॉसला, म्हणजे बाजूने गोलसमोर उंच येणाऱ्या बॉलला, निघायचं की नाही हे पटकन ठरवणं, हे 13 व्या वर्षी शिकता येतं आणि त्याला उंची लागत नाही. पुढे उंची वाढली तर उत्तमच.

अजून एक, पहिल्याच सामन्यात झोफने पाच गोल खाल्ले होते. फिओरेंतिनाने 5-2 ने धुतलं, त्या सीझनला उदिनेसे खालच्या लीगमध्ये गेली. मग मांतोव्हा, मग नापोली, आणि 1972 ला, 30 व्या वर्षी, ज्या युव्हेंटसने पोरवयात परत पाठवलं होतं त्याच युव्हेंटसने त्याला घेतलं. तिथे 11 सीझन, लीगचे 330 सामने, एकही चुकवला नाही, सहा वेळा लीग जिंकली. मुलाला हे सांगा आणि ग्लोव्हज तुम्हीच कपाटातून काढून त्याच्या बॅगेत ठेवा.

प्रश्न: झोफने 1142 मिनिटं गोल खाल्ला नाही असं वाचलं, हे क्लबकडून की देशाकडून? आणि शेवटी तोडलं कुणी? (पुणे)

उत्तर: देशाकडून, सप्टेंबर 1972 ते जून 1974. तोडलं हैतीच्या इमॅन्युएल सॅनोने, 15 जून 1974, म्युनिक, वर्ल्ड कपचा सामना, दुसरा हाफ नुकताच सुरू झालेला. मागून लांब पास आला, सॅनो डिफेन्डरच्या पुढे पळाला, झोफला चकवून बाहेर काढलं आणि रिकाम्या जाळीत बॉल मारला. हैतीसारखा छोटा देश आणि समोर इटली! इटलीने सामना 3-1 ने जिंकला खरा, पण पहिल्या राउंडमध्येच बाहेर पडली. माझं मत विचाराल तर या आकड्याचं अर्धं श्रेय पुढच्या डिफेन्सला जातं, झोफचं मोठेपण मला याहून जास्त पुढच्या प्रश्नात दिसतं.

प्रश्न: 40 व्या वर्षी कॅप्टन म्हणून वर्ल्ड कप जिंकणं कसं शक्य झालं? तेव्हा दुसरा कीपर नव्हता का? (ठाणे)

उत्तर: होते की, आणि लोक त्यांची नावंही घेत होते. 1978 ला अर्जेंटिनातल्या वर्ल्ड कपमध्ये हॉलंड आणि ब्राझील दोघांनी इटलीला लांबून मारलेल्या शॉट्सवर हरवलं, झोफ तेव्हा 36 चा, आणि पेपरवाले म्हणायला लागले की याला आता लांबचं दिसत नाही. कोच एन्झो बेआरझोट मात्र त्याच्या पाठीशी ठाम राहिले. 1982 ला स्पेनमध्ये सुरुवातीचे तिन्ही सामने ड्रॉ, टीका इतकी की खेळाडूंनी पत्रकारांशी बोलणंच बंद केलं, सगळ्यांच्या वतीने फक्त कॅप्टन बोलणार असं ठरलं, आणि कॅप्टन कोण तर अख्ख्या टीममधला सर्वात कमी बोलणारा माणूस.

मग 5 जुलै, बार्सिलोना, समोर ब्राझील, ड्रॉ झाला तरी ब्राझील पुढे जाणार अशी परिस्थिती. इटलीचा स्ट्रायकर रोस्सीच्या तीन गोलांनी इटली 3-2 ने पुढे, शेवटची मिनिटं, डावीकडून फ्री किक येते आणि ब्राझीलचा ओस्कार जोरात हेडर मारतो, खाली, कोपऱ्यात. झोफ स्वतःच्या डावीकडे पडतो आणि बॉल लाइनवरच दाबून धरतो. थोपवून बाहेर ढकलत नाही, पोटाशी ओढतही नाही, जिथे आहे तिथेच गच्च. ब्राझीलचे खेळाडू हात वर करून गोल मागतायत आणि तो पडल्यापडल्या बोट हलवून नाही नाही म्हणतोय. बॉल सुटला असता तर समोर रिबाउंडला माणसं होती. 36 व्या वर्षी ज्याला दिसत नाही म्हणाले त्याने 40 व्या वर्षी तो बॉल असा पकडला. सहा दिवसांनी माद्रिदमध्ये पश्चिम जर्मनीला 3-1 ने हरवून त्याने कप उचलला, आणि इटलीच्या पोस्टाने नंतर जे तिकीट काढलं त्यावर चेहरा नाही, कप धरलेले दोन हात आहेत.