उरलेला अर्धा डबा

प्रश्न : जिप्सम बोर्डाची पार्टिशन करून झाली आणि काळे स्क्रू अर्धा डबा उरले. ते वापरून मी सागाचा बाक जोडायला घेतला. तीन स्क्रूंची डोकी पिळतानाच तुटली, चौथ्याचं तर रात्री, बाकावर कुणी नसताना. शिवाय फळी आणि खालची पट्टी यांत फट राहिली ती राहिलीच. माझा हात जड आहे का?

उत्तर : तुमच्या हाताला दोष देणार नाही. शिकाऊ असताना मीही एक भिंतीवरचं कपाट याच काळ्या स्क्रूंवर टांगलं होतं, पडून होते म्हणून. काही महिन्यांनी ‘टक्’ असा आवाज आला, आठवड्याने पुन्हा. कपाट उतरवलं तर सहांतली चार डोकी हातात आली.

हा स्क्रू बोर्डातून मागच्या पत्र्याच्या सेक्शनमध्ये (म्हणजे चौकटीच्या पट्टीत) झपकन घुसावा म्हणून कडक केलेला असतो. कडक, म्हणून ठिसूळ. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. त्या ओढाताणीत लाकडाचा स्क्रू किंचित वाकून घेतो, काळा सरळ मोडतो. तुमचा रात्रीचा स्क्रू असाच गेला असणार.

आता फटीचं. दोन्ही स्क्रू शेजारी धरून बघा. लाकडाच्या चांगल्या स्क्रूची डोक्याखालची मान गुळगुळीत असते, तिथे आटे नसतात. ती वरच्या फळीत मोकळी फिरते, आटे फक्त खालच्या पट्टीत धरतात आणि डोकं फळीला खाली दाबत नेतं. काळ्याला आटे थेट गळ्यापर्यंत. ते वरच्या फळीतही रुततात, आणि दोन लाकडं ज्या अंतरावर होती त्याच अंतरावर जखडली जातात. मग कितीही पिळा, फट तेवढीच. पिळत राहिलात की मान तुटते.

तुमची फळी 18 मिमीची असेल तर 4 मिमी जाडीचा, 50 मिमी लांबीचा लाकडाचा स्क्रू घ्या, म्हणजे 32 मिमी पट्टीत जाईल. (पट्टी तेवढी जाड आहे ना, हे आधी मोजा. टोक पलीकडून निघालेले बाक मी पाहिलेत.) फळीत 4.5 मिमीचं आरपार भोक, पट्टीत 3 मिमीचं. मऊ लाकूड असतं तर 2.5 पुरलं असतं. आट्यांना मेणबत्ती चोळा. साबण नको, तो ओलावा धरतो आणि स्क्रू गंजतो. पितळी स्क्रू लावायची हौस असेल तर त्याच मापाचा पोलादी आधी घालून काढा, मग पितळी; नाहीतर तोही मोडेल. बाक उघड्यावर राहणार असेल तर स्टेनलेसच.

तुटलेल्यांचा दांडा वर दिसत असेल तर लॉकिंग प्लायरने (पकड तशीच अडकून राहणारी पक्कड) घट्ट धरून उलटा फिरवा. आत गेला असेल तर राहू द्या, नवं भोक दोन-तीन सेंटिमीटर सरकवून पाडा.

डबा मात्र टाकू नका. आटे बारीक असतील तर पत्र्याच्या सेक्शनसाठी, विरळ असतील तर लाकडी चौकटीवर बोर्ड बसवायला. 12.5 मिमीच्या बोर्डाला पत्र्यावर 25 मिमी पुरतो, लाकडावर 35 मिमी घ्या.

प्रश्न : लाकडी चौकटीवर बोर्ड लावून पुट्टी, रंग सगळं झालं. आता स्क्रूंची डोकी फोडांसारखी वर येत आहेत. पुन्हा पिळून आत घालू का?

उत्तर : नको. चौकटीचं लाकूड पुरतं वाळलेलं नव्हतं. ते आकसलं, स्क्रू जागेवरच राहिला आणि डोकं वर उठलं. लाकूड वाळेपर्यंत थांबा. मग बोर्ड हाताने चौकटीवर दाबून धरा, शेजारी तीन-चार सेंटिमीटरवर नवा स्क्रू घाला आणि जुना काढून टाका. नव्याचं डोकं बोर्डावरच्या कागदात जरासं दबलं की मशीन थांबवा. कागद फाटला तर मागे उरतो तो नुसता जिप्समचा भुगा, त्यात स्क्रू काय धरणार!