ट्रॅकवर जाण्याआधी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी साताऱ्यात राहतो, वय २७. माझ्याकडे २०० सीसीची लिक्विड कूल्ड मोटारसायकल आहे. दोन महिन्यांनी चेन्नईजवळच्या ट्रॅकवर होणाऱ्या रायडिंग कोर्ससाठी मी नाव नोंदवले आहे. तोवर पहाटे यवतेश्वर घाटात वेगाचा सराव करावा आणि गाडीला नवा सायलेन्सर बसवावा, असे मित्र सुचवतात. वडिलांचा तर जाण्यालाच विरोध आहे. तयारी कशी करावी?

उत्तर : घाटातल्या सरावाचा विचार सर्वप्रथम मनातून काढून टाका. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पण तो नसता, तरीही माझे उत्तर हेच राहिले असते. यवतेश्वरच्या वळणापलीकडे कासहून परतणारी मोटार असेल, गवताचा भारा डोक्यावर घेतलेली बाई असेल किंवा नुसती सांडलेली खडी असेल, आणि ती तुम्हाला वळल्यावरच दिसणार. शिवाय घाटात आपल्या डाव्या अर्ध्या रस्त्यातच वळावे लागते, तर ट्रॅकवर बाहेरच्या कडेने वळणात शिरून, आतल्या कडेला चाटून, पुन्हा बाहेरच्या कडेला जाताना पूर्ण रुंदी वापरायची असते. म्हणजे घाटातला सराव ट्रॅकवर फारसा उपयोगी पडत नाही, आणि ट्रॅकची रेषा घाटात आणली तर समोरून येणाऱ्या एसटीखाली जाण्याची वेळ येते.

सराव करायचाच, तर तो नजरेचा करा. माणूस जिकडे पाहतो तिकडे गाडी जाते; म्हणून रोजच्या ये-जा करताना, रोजच्याच वेगाने, पुढच्या चाकाजवळ न पाहता वळण जिथे संपते तिथे पाहण्याची सवय लावून घ्या. एखाद्या मोकळ्या मैदानावर परवानगी घेऊन खडूच्या खुणा करा आणि सावकाश इंग्रजी आठाच्या आकारात गाडी फिरवा. वेग दुप्पट झाला की थांबण्यासाठी ब्रेकला लागणारे अंतर सुमारे चौपट होते. पुढचा ब्रेक एकदम न आवळता आधी हलका आणि मग वाढता दाब देण्याची सवय हाताला आत्ताच लागली, तर ट्रॅकवर ते गणित घाबरवत नाही.

शरीराची तयारी बहुतेक जण विसरतात. १५-२० मिनिटांचे एक सत्र, आणि अशी दिवसभरात अनेक सत्रे, त्यात गाडी गुडघ्यांनी आणि मांड्यांनी धरायची असते, हँडलला लोंबकळायचे नसते. मांड्या थकल्या की सगळा भार मनगटांवर येतो, हात ताठ होतात आणि गाडी वळेनाशी होते. आपल्याकडच्या तालमींतल्या बैठका यासाठी उत्तम व्यायाम आहेत. रोज त्या काढा, सोबत पोटाचे आणि पाठीचे व्यायाम करा. साताऱ्याच्या हवेला सरावलेल्या अंगाला चेन्नईचा दमट उकाडा झेपत नाही, म्हणून प्रत्येक सत्रानंतर मीठ-साखर घातलेले लिंबाचे पाणी घ्या. साताऱ्यापासून चेन्नई हजार किलोमीटरहून दूर आहे. तिथपर्यंत गाडी चालवत जाऊन दुसऱ्याच सकाळी ट्रॅकवर उतरू नका. कोर्समध्ये आयोजकांची गाडी मिळते का, हेही आधी विचारा.

स्वतःची गाडी न्यायची असेल, तर सायलेन्सरचे पैसे टायर, ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइलवर खर्च करा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते आणि सततच्या जोरदार ब्रेकिंगने तापले की लिव्हर पोकळ लागतो. चेनचा ताण कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवा, इंजिन ऑइलचा नट आणि फिल्टर स्वतः उभे राहून तपासून घ्या. ही काळजी तुमच्यापेक्षा मागून येणाऱ्यासाठी अधिक आहे, कारण वळणावर सांडलेल्या ऑइलवरून दुसराच कोणी पडतो. इंजिन थंड ठेवणारे ग्लायकॉलयुक्त कूलंटही तसेच निसरडे असते. म्हणून अनेक ठिकाणी ते काढून डिस्टिल्ड वॉटर भरायला सांगतात. आरसे काढणे आणि दिव्यांवर चिकटपट्टी लावणे तिथे पोहोचल्यावर करा. टायरमधली हवा मात्र प्रशिक्षक सांगतील तेवढीच ठेवा; टायर तापला की दाब वाढतो, हे ध्यानात असू द्या.

झेंडे पाठ करून जा. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, कोणालाही ओलांडू नका. लाल म्हणजे सत्र थांबले, वेग कमी करून सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवण्याच्या जागेत, परता.

वडिलांशी विम्याविषयी मोकळेपणाने बोला, असे मी आग्रहाने सुचवतो. नेहमीच्या वाहन विम्यात आयोजित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, तेव्हा ट्रॅकवरच्या नुकसानीची भरपाई त्यातून मिळेल असे गृहीत धरू नका. अपघात विमा आणि आरोग्य विम्याच्या अटीही त्यांच्यासोबत बसून वाचा. चेन्नईजवळ, श्रीपेरुम्बुदूरनजीकच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर १२ वळणे आहेत. त्याचा नकाशा त्यांच्यासमोर उलगडा आणि सगळ्या गाड्या एकाच दिशेने जातात हे दाखवा. यवतेश्वर घाटाची भीती त्यांना वाटते ती योग्यच आहे, पण ही जागा निराळी आहे.

प्रश्न : सांगलीतल्या एका मित्राचा वापरलेला लेदर सूट आणि हेल्मेट स्वस्तात मिळत आहे. घ्यावे का?

उत्तर : सूट घ्या, हेल्मेट घेऊ नका. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर एकाच आघातात दबतो, तो पुन्हा फुगत नाही आणि बाहेरून काहीच दिसत नाही. सूट दोन भागांचा असेल, तर कमरेभोवतीची चेन पूर्ण फिरते का, शिवण उसवलेली नाही ना, हे पाहा. आणि तो अंगात घालून प्रत्यक्ष गाडीवर वाकून बसा, कारण उभ्याने घट्ट आणि आखडलेला वाटणारा सूटच वाकून बसल्यावर नीट बसतो.